तोटीची मूठ

ताई, परवा नागपूरच्या कंपनीची माणसं येऊन तुझं डायलिसिसचं मशीन घेऊन गेली. ते आता दुसऱ्या कोणा पेशंटच्या घरी लागेल. पाणी गाळणारं पुढचं युनिटही त्यांनीच नेलं. खुर्ची आपली होती, ती राहिली. कार्बनच्या दोन टाक्याही राहिल्या, मीच ठेवून घेतल्या. तुझ्या भावजयीनं, सुनंदानं, विचारलं, "आता ह्या कायले?" मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतो.

तू म्हणायचीस की माझं पत्र म्हणजे पंचनामा असतो. हेही तसंच होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तू असतीस तर चिडवायला का होईना, तीच आधी विचारली असतीस. शेवटच्या दिवशी पाण्यात काही नव्हतं. क्लोरीन तपासायची सुरुवातीची पट्टी पांढरी होती, मधली पांढरी होती. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना मी तुझ्या खोलीत जाऊन पाणी पुन्हा तपासलं. दारात मावसभाऊ उभा होता. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पट्टी पांढरीच आली. डॉक्टर म्हणतात हृदय थांबलं, इतक्या वर्षांच्या आजारानं ते दमलेलं होतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पट्टी पाहिली नसती तर ठेवू शकलो नसतो.

भेटायला आलेली माणसं विचारतात, पाण्याचं एवढं काय होतं? त्यांना मी असं सांगतो. आपण पितो ते पाणी आधी पोटात जातं आणि तिथून जे घ्यायचं तेवढंच शरीर घेतं. डायलिसिसला बसलेल्या माणसाच्या रक्ताच्या शेजारून एका बैठकीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी वाहतं. मध्ये असतो फक्त एक झिरझिरीत पडदा. नळाच्या पाण्यात जंतू मारायला टाकलेलं क्लोरीन पोटाला चालतं, रक्ताला चालत नाही. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कार्बनच्या एका टाकीतून, मग दुसरीतून, मग पुढच्या गाळण्यांतून न्यायचं. आणि पेशंट खुर्चीत बसण्याआधी, दर वेळी, पाणी वीस मिनिटं वाहू देऊन दोन टाक्यांच्या मधल्या नळीतून कपभर घ्यायचं, पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडायची. पांढरी असेल तर चालू. लिटरमागे शून्य पूर्णांक एक मिलिग्रॅमचा गुलाबी रंग दिसला तर थांबायचं.

लोक मान हलवतात. एवढं ऐकून घेतात, कारण घरात मयत झालेली असते.

घरी डायलिसिस करायचं हा हट्ट तुझा. यवतमाळात दवाखान्यात सोय होती. तू तिथे काही महिने गेलीसही. मग एक दिवस म्हणालीस, "तीस वर्षं पोरायले रांगेत उभं केलं बाबू, आता मले रांगेत बसवत नाही." डॉक्टर तयार नव्हते. म्हणाले, मशीन कोणीही शिकतं, पाणी सांभाळणं कठीण. तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "हा माहा भाऊ वजनमापं खात्यात आहे. दुकानदारायचे काटे तपासते. ह्याच्यासमोर पाण्याची काय बिशाद!"

सुनंदा सुया लावायला शिकली, मी पाणी शिकलो. खिडकीजवळ तुझी खुर्ची आली. मी कप आणि पट्टी घेऊन आत आलो की तू पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचीस, "आला मापारी." पट्टी पाण्यात असताना मला बोलायचं नसे, सेकंद चुकतात. तुला नेमकं तेव्हाच बोलायचं असे. एकदा तू विचारलंस, "काहून रे, आर्णीच्या बाजारात एवढे काटे तपासतं, कोणी तुले चहा तरी पाजते का?" मी सेकंद संपल्यावर म्हटलं, पांढरी आहे. तू म्हणालीस, "म्हणजे नाही पाजत."

तोटी मात्र तू मला न विचारता बसवून घेतलीस. मी ढाणकीला दौऱ्यावर गेलो होतो. परत आलो तर बाहेरच्या भिंतीला, तुझ्या खिडकीच्या बरोबर खाली, नवी पितळी तोटी. दुसऱ्या कार्बन टाकीच्या पुढून पाइप फोडून काढलेली. टँकरच्या पाण्याला त्या दिवसांत ब्लीचिंगचा उग्र वास येत होता, आणि मागच्या खोल्यांतल्या बायकांना तू सांगितलंस की आमच्या टाकीतून गेलं की वास जातो, या घ्यायला. बोअर सगळ्यांकडे आहेत, पण त्यांच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पोरांचे दात पिवळे पडतात.

पहिली आली ती लक्ष्मी. तिचा नवरा लोहाऱ्याच्या कारखान्यात आणि माहेर आर्णीकडच्या तांड्यावर. ती तुला याडी म्हणायची, म्हणजे आई. मी तिला बजावलं की हे पाणी उकळूनच प्यायचं, क्लोरीन निघालं की जंतूंना मोकळं रान मिळतं. ती कमरेवर हंडा घेऊन उभी. म्हणाली, "वास होता तवा नाही म्हटलं उकळा, आता वास गेला तं उकळा म्हणता. कसं हो साहेब हे?" खिडकीच्या आत तू इतकी हसलीस की सुनंदा सुई धरून थांबली.

मग मे महिन्यातली ती दुपार. सुरुवातीची पट्टी पांढरी होती. बैठकीच्या मध्ये एकदा तपासणं हा माझा स्वतःचा नियम, कोणी सांगितलेला नाही. त्या दिवशी मधली पट्टी गुलाबी आली. मी दुसऱ्या टाकीनंतरचं पाणी घेतलं. तिथेही रंग, अगदी मर्यादेवरचा. मी मशीन बायपासवर टाकलं, म्हणजे पाणी रक्ताजवळ जाणं थांबलं, आणि सुनंदानं नागपूरला फोन लावला. तिकडचा टेक्निशियन म्हणाला, "बंद करो सर, अभी के अभी. कारण बाद में ढूंढेंगे."

तू माझ्याकडे पाहत होतीस. "तोंड काहून असं केलं रे? फेल झाली का मी?"

"तू नाही. पाणी."

"मग थ्याले बसव उद्या परत परीक्षेले."

तुला काही झालं नाही. रक्त तपासलं, ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी तेच पाणी, तोच कार्बन, आणि पट्टी पांढरी. काटा एकदा बरोबर आणि एकदा चूक दाखवत असेल तर दोष बहुतेक वेळा काट्यात नसतो, तो कसा ठेवलाय त्यात असतो. मी खोलीत बसून राहिलो. पाणी चालू होतं. थोड्या वेळानं खिडकीखालून हंड्यांचा आवाज आला, आणि आतल्या नळीतल्या पाण्याचा सूर बदलला.

मग मी बादली आणि घड्याळ घेऊन बसलो. तोटी बंद असताना टाक्यांतून पाणी ज्या वेगानं जात होतं, ती पूर्ण उघडली की त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगानं जात होतं. कार्बनला क्लोरीन धरून ठेवायला वेळ लागतो. पाणी घाईनं गेलं तर ते सुटून पुढे जातं. मी सकाळी तपासायचो तेव्हा बाहेर कोणी नसायचं. तू खुर्चीत बसल्यावर बायका कामं आवरून हंडे घेऊन यायच्या. पट्टी खोटं बोलत नव्हती. ज्या पाण्याची मी परीक्षा घेत होतो आणि जे पाणी तुझ्या रक्ताजवळून जात होतं, ती दोन वेगळी पाणी होती.

मी तुला कागदावर आकडे काढून दाखवले आणि म्हटलं, तोटी बुजवतो. तू कागद पाहिला. आकडे तपासलेस, एका ठिकाणी माझा भागाकार चुकला होता तो सुधारलास. आणि म्हणालीस, "बरोबर आहे तुहं. पण तोटी बुजवली तं मी त्या खुर्चीत बसणार नाही."

मला वाटलं बोलायचं म्हणून बोलतेस. पुढच्या बैठकीच्या वेळी तू खरोखर बसली नाहीस. ओट्यावर जाऊन तांदूळ निवडत बसलीस. पाय सुजायला लागले होते. सुनंदा रडली, मी ओरडलो. म्हटलं, त्या बायकांना नळ आहे, टँकर आहे, त्या तहानेनं मरत नाहीत, तू मात्र मरशील. तू तांदळातून खडा काढून बाजूला ठेवलास आणि मग ती गोष्ट सांगितलीस. आयुष्यात एकदाच, तेव्हाच.

तू लहान होतीस. आईबरोबर विहिरीवर जायचीस. धम्म घेऊनही बरीच वर्षं झाली होती, पण गावातली विहीर तीच होती आणि माणसंही तीच. आई विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कोणाला वाटलं, वेळ झाला, तर ती बाई वरून पाणी ओतायची, आपला पोहरा घागरीला लागू न देता. अर्धं खाली सांडायचं. "दोन दोन घंटे, बाबू. आई काही बोलायची नाही. मी तिचं लुगडं धरून त्या सांडलेल्या पाण्याकडे पाहत राहायची." माझा जन्म झाला तेव्हा वस्तीत हातपंप आला होता. मी त्याच हातपंपावर वाढलो. तू पाहिलेलं मी पाहिलं नाही, आणि आईनं मला कधी सांगितलं नाही.

"माह्या घरच्या पाण्याले कोणी नाही म्हणणार नाही," तू म्हणालीस. "मी हाय तवर."

"त्यासाठीच तू राहायला पाहिजेस ना," मी म्हटलं.

वाट काढली ती सुनंदानं. ती म्हणाली, "तुम्ही पट्टीच्या आधी वीस मिनिटं पाणी सोडता ना? थे मोरीत जाते. मग थेच द्या की त्यायले." इतके दिवस आकडे मी मांडत होतो आणि हा आकडा मला दिसला नव्हता. बायकांनी तपासणीच्या आधी यायचं, वाहतं पाणी भरून घ्यायचं. मग तोटी बंद, मग पट्टी, मग तू खुर्चीत. कार्बन लवकर संपेल, तर तो लवकर बदलायचा.

तू कबूल झालीस, पण अट घातलीस. बैठक चालू असताना कोणी चुकून तोटी उघडू नये म्हणून मी तिची मूठ काढून ठेवणार होतो. तू म्हणालीस, "काढ. पण माह्या हातात दे. बंद करणारा हात माहा पाहिजे, तुहा नाही." त्या दिवसापासून डाव्या हाताला सुया आणि उजव्या हातात ती पितळी मूठ. वाचताना पुस्तकावर ठेवायचीस, पान दाबायला. झोप लागली तरी मुठीतली मूठ सुटायची नाही.

बायका हंडे भरून जायच्या नाहीत. खिडकीखाली थांबायच्या. लक्ष्मी ओरडायची, "साहेब, आला का रंग?" मी आतून सांगायचो, नाही आला. मग त्या हंडे उचलायच्या. उन्हात भरला हंडा खाली ठेवून कशाला थांबायचं हे मला समजत नसे. मी एकदा सांगितलंही, तुमच्या पाण्याचा ह्या पट्टीशी संबंध नाही, जा तुम्ही. लक्ष्मी म्हणाली, "आमच्या पाण्याचं कोण विचारून राह्यलं?"

सगळं सुरळीत झालं असं मला वाटत होतं. एका बैठकीत तू अचानक म्हणालीस, "हे बी वरून ओतणंच झालं."

मी विचारलं, काय?

"आपल्या टायमावर या, आपल्या टायमावर भरा, मंग बंद. तहान का तुह्या घड्याळावर लागते? थ्या बायका आपल्या भिंतीजवळ उभ्या राहतेत बाबू. आईसारख्या."

मी म्हटलं, हे तसं नाही. तू म्हणालीस, "कसं नाही थे सांग." मी म्हटलं, विहिरीवर तुमचा जीव कोणाला नको होता, इथे तुझा जीव वाचवायचा आहे. तू म्हणालीस, "भांडं घेऊन उभ्या असणाऱ्याले कारण नाही दिसत, उभं राहणंच दिसते." हा वाद मग अधूनमधून चालूच राहिला. मी दर वेळी नवा मुद्दा आणायचो, तू तो दोन वाक्यांत मोडायचीस. शाळेत किती मास्तर तुझ्याशी वाद घालून थकले असतील याचा मला अंदाज आहे. तू गेलीस तेव्हा पारडं तुझ्याकडे झुकलेलं होतं. ते मला मान्य आहे.

जलदानाच्या विधीला भंतेजी आले. घरात पाणी कोणी भरलं हे मला माहीत नव्हतं. भंतेजी गाथा म्हणत होते, आम्ही सगळ्यांनी एकमेकांच्या हाताला हात लावून तांब्या धरला आणि वाटीत संथ धार सोडली. वाटी भरली, ताटलीत सांडायला लागली. सांडेपर्यंत ओतायचं, असाच तो विधी. माझ्या मनात आलं, हे पाणी कोणत्या नळाचं? नंतर लक्ष्मीला विचारलं. ती म्हणाली, "याडीच्या तोटीचं. अन् कुठलं?"

मग ती तिथेच दारात उभी राहून बोलली. पदर तोंडाला लावलेला होता.

"साहेब, याडीनं त्या दिवशी खिडकीतून मले मूठ देल्ली होती."

कोणत्या दिवशी, मी विचारलं. शेवटच्या बैठकीच्या, ती म्हणाली. ताई, मधली पट्टी मी त्या दिवशी पांढरी पाहिली होती, पण पट्टी फक्त त्या क्षणाचं सांगते.

"माह्या माहेरचे पाव्हणे आलते. घरात थेंब नव्हता. मी हंडा घेऊन जात होती तं याडीनं पाहिलं. हात बाहेर काढला. म्हणे, घे, लाव अन् भर, तो चहा प्याले गेला आहे."

"मग?"

"मी नाही घेतली. म्हटलं, याडी, रंग येईन. म्हणे, एका हंड्यानं नाही येत. मी म्हटलं, अन् आला तं? अन् निघून गेली. तिकडच्या गल्लीतून आणलं पाणी. लय चिडली माह्यावर. म्हणे, तू बी मापारीणच झाली."

लक्ष्मी रडायला लागली. तिला वाटत होतं तू रागात गेलीस. मी तिला सांगितलं की मापारी ही तुझ्या तोंडची शिवी नव्हती. मला इतकी वर्षं तेच ऐकावं लागलं, म्हणून खात्रीनं सांगू शकलो.

तेव्हापासून मी ह्यावर विचार करतो आहे. तू म्हणायचीस, त्या आपल्या भिंतीजवळ आईसारख्या उभ्या राहतात. पण आईच्या हातात कोणी कधी मूठ दिली नव्हती. लक्ष्मीच्या हातात ती आली होती, पाहुणे घरात बसलेले होते, पाहणारं कोणी नव्हतं, आणि तिनं ती परत केली. म्हणजे तोटी बंद ठेवणारी माणसं आपण नव्हतो, ताई. माझं घड्याळ नव्हतं, आणि तुझा हातही नव्हता. त्या बाहेर थांबत होत्या ते आपण थांबवलं म्हणून नाही. तू खुर्चीत होतीस म्हणून.

वादातला माझा हा मुद्दा. एवढाच आहे, आणि उशिरा सापडला. तू असतीस तर दोन वाक्यांत मोडला असतास, किंवा नसतास. मला ते कळणार नाही. ह्या एका गोष्टीची चुटपुट मला राहील, बाकी गोष्टींची मी तुझ्याजवळ कुरकुर करत नाही. तू आठवड्यातून तीनदा खिडकीत बसायचीस आणि मला मापारी म्हणायचीस, हे मला मिळालं. पट्टी बुडवल्यावर सेकंद मोजताना मी दुसरं काही मोजत होतो का, असं तू एकदा विचारलं होतंस. हो. पण ते मी सांगितलं नाही, आताही सांगत नाही.

तर कार्बनच्या टाक्या मी का ठेवल्या. तोटी चालू राहील. कार्बन मी बदलत जाईन. आज सकाळी मी मूठ जागेवर बसवली, स्क्रू आवळला आणि त्याचं डोकं घासून सपाट केलं. आता ती कोणत्याच पान्यानं निघणार नाही. मागच्या बायकांना सांगितलं की वेळ नाही, कधीही या. त्यांनी माना हलवल्या. तरी आज सगळ्या जुन्याच वेळेला आल्या, हंडे भरले आणि खिडकीखाली थांबल्या. मी आतच होतो, तुझ्या खुर्चीजवळ. कोणी काही विचारलं नाही. मीच थोड्या वेळानं सांगितलं, "नाही आला."

मग त्यांनी हंडे उचलले.